कोऱ्या कागदावरची सही

आमच्या शाळेत दसऱ्याची सुट्टी संपली की याद्या गोळा होत. दहावीला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या तुकडीतली निभावणार नाहीत अशी मुले एका कागदावर लिहायची, खाली सही करायची आणि कागदाला चार घड्या घालून तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा. बोर्डाच्या परीक्षेचे अर्ज जाण्यापूर्वी त्या मुलांच्या आईवडिलांना बोलावले जाई. त्यांना समजावून सांगितले जाई की मुलाला शाळेतून काढून घ्या आणि परीक्षेला बाहेरून बसवा, म्हणजे त्याच्यावर दडपण राहणार नाही. दडपण कोणाचे उतरणार होते, हे सर्वांना ठाऊक होते. बाहेरून बसलेले मूल नापास झाले तर ते शाळेच्या निकालात धरले जात नसे. पुष्कळशी मुले मग बाहेरूनही बसत नसत. त्यांची नोंद ठेवण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते, तेव्हा मी त्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. मी निपाणीकडचा. घरी मराठी आणि शाळेत कन्नड असा वाढलो, म्हणून बंगळूरला नोकरी मिळणे सोपे गेले. शाळा जुन्या पेठेच्या मागच्या एका अरुंद रस्त्यावर होती. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची एक संस्था ती चालवीत असे. वर्गातले शिकवणे कन्नडमध्ये चाले; शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा मराठीत, पण त्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड असे. माझी मराठी ऐकून तिथली मंडळी हसत. पुस्तकातून वाचून दाखवतो आहे असे वाटते, म्हणत.

दहावीच्या दोन तुकड्या होत्या. 'अ' तुकडीचे गणित माझ्याकडे आले. 'ब' तुकडीचे गणित पंधरा-सोळा वर्षे एकाच बाईंकडे होते. मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, हळू चालणाऱ्या. साडीच्या निऱ्यांवर कायम खडूची पूड. त्या मला मेष्ट्रे म्हणत. मास्तर या शब्दाचे ते तिकडचे रूप, आणि अक्कांच्या तोंडून ते ऐकताना आपण अजून नवखे आहोत हेही कानावर पडे.

शाळेत आधी येणारी मुले 'अ' तुकडीत बसत आणि उशिरा प्रवेश घेणारी 'ब'मध्ये. उशिरा येणारी म्हणजे वर्षाच्या मध्येच गाव सोडून आलेली, एकदा मागे राहिलेली, घरच्या कामामुळे आठवड्यातून दोन दिवस न दिसणारी. अशा तुकडीची यादी सर्वांत लांब असायला हवी होती. अक्कांचा कागद मात्र दरवर्षी कोरा असे. वर तुकडीचे नाव, खाली सही आणि तारीख, मध्ये काही नाही.

“यंदाही तुमच्या यादीचा उपास वाटतं, अक्का?” मुख्याध्यापक कागद उलगडून विचारीत.

“उपासच बरा, सर. पोट हलकं राहतं,” अक्का म्हणत आणि तासावर निघून जात.

मुलाचे गणित चुकले तर अक्का त्यावर फुली मारत नसत. जिथवर पायऱ्या बरोबर आल्या असतील तिथे तांबड्या शाईचा एक ठिपका देत आणि म्हणत, इथवर तुझे झाले, पुढचे माझे राहिले आहे. हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले होते. मूल चुकले म्हणजे शिकवणाऱ्याचे काही करायचे राहिले असे समजणे हा मला भाबडेपणा वाटला. पुढे कळले की कोणाचा ठिपका कोणत्या पायरीवर पडला, हे त्या एका लहान वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी त्या मुलाला त्याच पायरीपासून पुढे नेतात. एका पायरीला कधी पंधरा दिवस लागत. सोळाव्या दिवशी अक्का तशाच खडू उचलत. त्यांच्या तुकडीतली काही मुले दरवर्षी नापास होत, हे खरे आहे. मे महिन्यात अक्का त्यांच्या घरी जात आणि पुरवणी परीक्षेची तयारी करून घेत. त्यातली बरीच जूनमध्ये पास होत. पण तोवर एप्रिलचा निकाल फळ्यावर लिहून झालेला असे.

आम्हा दोघांच्या वर्गांमध्ये एक अर्धीच भिंत होती, वर लाकडी पट्ट्यांची जाळी. त्यामुळे त्यांचा प्रत्येक तास मला ऐकू येई. हे मी आताच सांगून ठेवतो, कारण मला काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय मला स्वतःला ठेवायची नाही.

अक्कांच्या त्या कोऱ्या कागदाचा शाळेवर किती भार होता, हे तेव्हा कोणी बोलून दाखवले नाही. त्या समोर बसलेल्या असताना यादी लिहिणे सर्वांनाच जड जाई. विज्ञानाचे शिक्षक, जे एरवी कोणाची भीड ठेवत नसत, नावे लिहिताना कागदाभोवती डाव्या हाताचा आडोसा करीत, परीक्षेत शेजाऱ्यापासून उत्तर लपवणाऱ्या मुलासारखा. कित्येकदा एखादे नाव लिहून ते खोडत आणि पुटपुटत, बघू या, अजून चार महिने आहेत. त्या चार महिन्यांत ते खरोखरच सकाळी अर्धा तास लवकर येऊन त्या मुलाला शिकवीत. अक्कांनी कोणाला कधी उपदेश केला नाही. पण एका माणसाला आपल्या हातून होईल असे मनापासून वाटत असले की आजूबाजूच्यांनाही, आपल्या हातून होणार नाही, असे म्हणण्याची चोरी होते.

ती चोरी मला सर्वांत जास्त होती. मी वाईट शिकवत होतो असे नाही. पहिल्या दोन बाकांकडे पाहत मी फार चांगले शिकवीत असे. गणित एखाद्याच्या डोक्यात असते किंवा नसते, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीत मोठा विसावा होता. मागच्या बाकावरचे एखादे मूल न कळून माझ्याकडे नुसते पाहत राहिले की मी फळ्याकडे वळे. जे सांगितले तेच मी मोठ्या आवाजात पुन्हा सांगे. तिसऱ्या वेळी काय सांगायचे, ते मला येत नसे. ऑक्टोबरात त्या मुलाचे नाव यादीत गेले की मला सुटल्यासारखे वाटे. आणि मग मुख्याध्यापकांच्या टेबलावर माझ्या भरलेल्या कागदाशेजारी अक्कांचा कोरा कागद दिसे.

माझ्या चौथ्या वर्षी, जूनमध्ये, मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, थकलेले होते. जवळपास इंग्रजी माध्यमाच्या दोन शाळा निघाल्या होत्या. इलेक्ट्रॉनिक सिटीत संगणकाच्या नोकऱ्या निघत आहेत, मग कन्नड माध्यम कशाला, असे पालक तोंडावर विचारू लागले होते. पटावरची मुले आणखी घटली तर दहावीची एक तुकडी बंद होणार आणि गणिताचा एक शिक्षक जादा ठरणार, असे ते म्हणाले. जादा ठरला असता तो मीच, कारण मी धाकटा. संस्थेच्या सभासदांना दाखवण्यासाठी गणिताच्या निकालाचा एक आलेख तयार करा, असे त्यांनी सांगितले. माझा हात सुबक होता.

मी दोन रविवार खपून तो आलेख काढला. तीन वर्षांचा निकाल, दोन तुकड्या, दोन रेषा. माझी रेषा हिरवी आणि वर. अक्कांची तांबडी आणि खाली.

शेकडेवारी काढताना कशाला कशाने भागायचे, हे सातवीतले मूलही विचारते. बोर्डाच्या परीक्षेला शाळेतून जेवढी मुले बसली, त्यांच्यापैकी किती पास झाली ते मी धरले. यादीने बाहेर गेलेली माझी मुले त्या हिशेबात नव्हती. अक्कांची सगळी होती. हे माझ्या नजरेतून सुटले असे म्हणता येणार नाही. आधी मी जूनमध्ये पटावर असलेली मुले धरून त्याच कागदावर पेन्सिलीने दोन रेषा काढून पाहिल्या होत्या. त्यात माझी रेषा घसरली, अक्कांची वर सरकली आणि एका वर्षी तर त्या एकमेकींना ओलांडून गेल्या. त्या जागेकडे मी बराच वेळ पाहत बसलो. मग खोडरबर घेतला.

नोकरीच्या भीतीने मी हे केले, असे पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला समजावत आलो. ती भीती होती. पण नोकरी वाचवायला माझी हिरवी रेषा पुरेशी होती. तांबडी रेषा इतकी ठळक काढण्याची गरज नव्हती. आज पन्नाशी उलटल्यावर मनाशी बोलताना मला एवढेच सापडते की मला अक्कांचे वाईट करायचे नव्हते. मला त्यांचा कागद कोरा राहायला नको होता. जे माझ्या हातून होत नव्हते ते कोणाच्याच हातून होत नाही, एवढी मला खात्री करून घ्यायची होती.

आलेख संस्थेच्या सभेत दाखवून झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत, वेळापत्रकाशेजारी लागला. विज्ञानाच्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी कॉफी पिता पिता म्हटले, “अक्का, ही तुमची तांबडी रेघ थर्मामीटरात असती तर रोगी गेला म्हणून घरी पाठवलं असतं.” सगळे हसले. अक्काही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागल्या. मी हे रोज पाहत होतो.

त्या वर्षी त्यांच्या तुकडीत एक मुलगी होती. तिची आई घरी उदबत्त्या वळायची, शाळा सुटल्यावर मुलगीही वळायची. तिच्या बोटांची टोके नेहमी काळी असत आणि वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एक काळा ठसा असे. वडील बांधकामांवर पहारेकरी होते. एक इमारत पुरी झाली की कुटुंब दुसऱ्या इमारतीच्या आडोशाला जाई. त्या वर्षी शाळेच्या मागे एक कल्याणमंडप, म्हणजे लग्नाचे कार्यालय, बांधला जात होता, म्हणून ती आमच्याकडे आली होती. तिची पाचवी ते नववी चार शाळांत विखुरलेली होती. तिला अपूर्णांक येत नव्हते. अक्कांनी उदबत्तीच्या जुड्या सोडवून आणि बांधून तिला अपूर्णांक शिकवले, आणि गणपतीपर्यंत ती समीकरणाच्या दुसऱ्या पायरीवर आली होती.

एके सकाळी जाळीपलीकडून मी तिचा आवाज ऐकला. ती कन्नडमध्ये तक्रार करत होती की आजचा ठिपका कालच्याच जागेवर आहे. अक्का म्हणाल्या, मग आज मी नापास झाले, उद्या ये. ती मुलगी मोकळेपणी हसली. त्या वर्गात नापास या शब्दावर कोणी असे हसू शकत होते.

सहामाहीत तिला फारच थोडे गुण पडले. सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुले घरी गेल्यावर, मी माझ्या वर्गात फळा पुसत होतो. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. एखादे मूल परवानगीची वाट पाहत उभे राहते तशा.

“मेष्ट्रे, स्वल्प वेळ आहे का?”

मी म्हटले, या ना. त्या आत आल्या नाहीत.

“तुम्ही आकड्यांत मुरलेले. मला सरळ सांगा. ती रेघ माझीच ना?”

“तुमचीच, अक्का.”

“तीन वर्षं अशीच खाली?”

“आलेखात तसं दिसतं.”

त्यांनी दाराच्या चौकटीवरची खडूची पूड बोटाने पुसली. “मग मी ह्या पोरांना उगीच धरून ठेवते की काय? पुढचं माझं राहिलंय म्हणते, अन् पुढचं काही होतच नाही. ती उदबत्तीवाली पोर आहे ना, तिला वाटतं अक्का करून घेतील. मी खोटं सांगते का हो तिला?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. जूनपासून रोज सकाळी ज्याने ते शिकवणे भिंतीआडून ऐकले होते, त्या माणसाला. मला एक वाक्य बोलायचे होते. पेन्सिलीच्या रेषांचेही सांगायची गरज नव्हती. ती मुलगी काल तिसऱ्या पायरीवर पोहोचल्याचे मी ऐकले आहे, एवढे म्हटले असते तरी चालले असते. मी फळा पुसत राहिलो. तो केव्हाच कोरा झाला होता.

“प्रत्येकाला सगळं येतंच असं नाही, अक्का,” मी म्हणालो. “आपण तरी किती करणार?”

“सरी, ठीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या संथ चालीने गेल्या.

दोन दिवसांनी त्यांच्या कागदावर एक नाव होते. मुख्याध्यापकांनी कागद उघडला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उपासाची थट्टा त्यांनी केली नाही.

मुलीच्या आईला बोलावले त्या दिवशी अक्का वर्गाबाहेर आल्या नाहीत, म्हणून गणिताचा दुसरा शिक्षक या नात्याने मला बसवण्यात आले. आई तरुण होती, मुलीपेक्षा फार मोठी दिसत नव्हती. तिचेही हात काळे होते आणि ते तिने पदराखाली घेतले होते. मुख्याध्यापकांनी नेहमीचे सारे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, अक्कांनीच असे सांगितले का. मी हो म्हटले.

“मग बरोबरच असेल,” ती म्हणाली, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावर एकेक अक्षर जुळवत सही केली.

मुलगी व्हरांड्यात उभी होती. मी बाहेर आलो तेव्हा तिने मला विचारले की अक्का रागावल्या आहेत का. मी नाही म्हटले. तिने मान हलवली, पण तिला ते पटलेले दिसले नाही. तिच्या दृष्टीने दुसरे काही कारण असूच शकत नव्हते.

पुढच्या वर्षी अक्कांच्या यादीत सहा नावे आली. त्यांनी सकाळचे शिकवणे हळूहळू सोडले. तब्येतीचे कारण सांगितले. त्यांच्या वह्यांवर फुल्या दिसू लागल्या. जाळीपलीकडून आता जे ऐकू येई ते माझ्याच वर्गासारखे होते: नियम, उदाहरण, नियम, उदाहरण. विज्ञानाच्या शिक्षकांनी यादीभोवतीचा हाताचा आडोसा काढून घेतला. आडोसा करायला समोर कोणी उरले नव्हते. त्यांचाही सकाळचा अर्धा तास बंद झाला. दोन वर्षांत शाळेचा निकाल असा लागला की संस्थेने सर्वांना म्हैसूरपाक वाटला. फळ्यावर रंगीत खडूने निकाल लिहायचा मान मला मिळाला. पण दहावीच्या वर्गात पाऊल टाकले की काहीतरी ओसरले आहे असे जाणवे. मुले प्रश्न विचारेनाशी झाली. आपल्याला काय येत नाही हे शिक्षकाला दाखवणे धोक्याचे आहे, हे त्यांना कोणी न सांगता कळले होते.

त्यानंतरच्या जूनमध्ये अक्कांनी अर्ज केला की त्यांना चौथीचा वर्ग द्यावा. मोठ्या मुलांना शिकवणे आपल्याला आता जमत नाही, असे त्यांनी त्यात लिहिले होते. मुख्याध्यापकांनी तो मला वाचायला दिला. तीन वर्षे त्यांनी चौथीला पाढे शिकवले आणि निवृत्त झाल्या.

एवढे सगळे पाहूनही मी गप्प होतो. माझे तोंड उघडले ते एका लहानशा गोष्टीने. दशक संपत आले होते. शाळा सुरू होण्याचा पहिला दिवस होता आणि मी दहावीच्या नव्या तुकडीवर नुकताच गेलो होतो. फळ्यावर अजून काही लिहिले नव्हते. हजेरी झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने अत्यंत सभ्यपणे विचारले, “सर, यादीत कोण कोण असतं ते आत्ताच सांगता का? म्हणजे मी घरी सांगून ठेवीन.” वर्ग हसला नाही. मी तिला बस म्हटले. त्या तासाला मी काय शिकवले ते मला आठवत नाही.

त्याच रविवारी सकाळी मी बंगळूरमधल्याच श्रीरामपुरात अक्कांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर, दारात तुळस आणि रांगोळी. त्या तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांना आनंद झाला. निदान मला तसे वाटले. त्यांनी स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. मी ती हातात धरूनच सगळे सांगितले: आलेख, कोणती मुले धरली आणि कोणती सोडली, पेन्सिलीच्या रेषा, खोडरबर. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

माझे बोलणे संपेपर्यंत त्या तांदूळ निवडत होत्या.

“पेन्सिलीचा व्रण दिसत होता, मेष्ट्रे,” त्या म्हणाल्या. “उजेडाकडे तिरकं धरलं की दिसायचा. मीसुद्धा गणितच शिकवत होते ना.”

मी पेला खाली ठेवला. मग मी विचारले, त्यांना ठाऊक होते तर त्या दिवशी मला विचारायला कशाला आल्या?

“रेघेचं विचारायला आलेच नव्हते मी.” त्यांनी एक खडा बाजूला काढला. “तुम्ही पलीकडून रोज ऐकत होता. मला वाटलं, हा माणूस म्हणेल, अक्का, ती रेघ राहू द्या, मी ऐकतो ना रोज. म्हातारपणी कधीकधी दुसऱ्याकडून ऐकावंसं वाटतं. तुम्ही म्हणालात, आपण तरी किती करणार. म्हटलं, ज्यानं रोज ऐकलं तोच असं म्हणतो, तर मग तसंच असेल.”

हे त्यांनी राग न धरता सांगितले. रागावल्या असत्या तर मला सोसवले असते. मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, त्या दिवशी तिची आई काय म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणालाच विचारले नव्हते. मी सांगितले की अक्कांनी सांगितले असेल तर बरोबरच असेल, असे म्हणाली. अक्कांचे हात सुपात थांबले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग त्या म्हणाल्या की कल्याणमंडपाचे काम संपल्यावर ते लोक शहराच्या उत्तर टोकाला, हेब्बाळच्या बाजूला गेले, असे कोणीतरी सांगितले होते. ती आता वीसेक वर्षांची असेल. तिला शोधता येईल का? परीक्षेला वयाची अट नसते.

मी लगेच हो म्हटले. इतक्या उत्साहाने म्हटले की माझे मलाच बरे वाटले.

त्या ऑक्टोबरात मी यादीचा कागद कोरा दिला. नव्या मुख्याध्यापकांनी माझ्या गुणपत्रकावरून नावे स्वतः भरून घेतली आणि मला त्याबद्दल काही बोललेही नाहीत. अक्कांचा कोरा कागद असा कोणाला भरता आला नसता. त्यामागे सकाळचे शिकवणे होते, ठिपके होते, सोळावा दिवस होता. माझ्या कागदामागे फक्त पश्चात्ताप होता, आणि पश्चात्तापाने कोणाला समीकरणाची तिसरी पायरी येत नाही.

रविवारी मी बसने हेब्बाळला जात असे. तेव्हा तिथल्या मोठ्या तळ्याच्या अलीकडे शेते संपून नव्या वसाहती उठत होत्या. जिथे तिथे विटांचे ढीग, वाळू, पत्र्याच्या झोपड्या. मी एकेका बांधकामावर जाऊन पहारेकऱ्याला विचारत असे की अमुक माणूस, बायको उदबत्त्या वळते, एक मुलगी. लोक माझ्याकडे संशयाने पाहत. पोलिसांकडचा आहात का, असे एकाने विचारले. एका बाईला ते कुटुंब आठवले. मुलगी कपड्यांच्या कारखान्यात जाते, असे तिने ऐकले होते. कोणत्या कारखान्यात, ते तिला माहीत नव्हते. कुटुंब तळ्याच्या पलीकडे गेले असेल, म्हणाली. तिकडे मोठी कामे निघाली आहेत.

त्या वर्षभरात असे मी एकूण पाच रविवार केले. मग वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे आले, ऊन वाढले, आणि एका रविवारी मी हेब्बाळच्या बसऐवजी श्रीरामपुराच्या बसमध्ये बसलो.

अक्का आजारी होत्या. खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सर्व सांगितले: कोणकोणत्या बांधकामांवर गेलो, बाई काय म्हणाली, कारखान्याचे काय कळले. शेवटी म्हटले, “आता सापडेल असं वाटत नाही, अक्का.”

“तळ्याच्या पलीकडे गेला होता?”

“नाही.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता त्या जा म्हणतील. त्या जा म्हणाल्या असत्या तर मी गेलो असतो, हे मी अगदी खात्रीने सांगू शकतो. त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर सारखे केले आणि खिडकीकडे मान वळवली.

“राहू द्या, मेष्ट्रे,” त्या म्हणाल्या. “ऊन फार आहे.”

एखाद्या मुलाबद्दल त्यांना असे बोलताना मी त्याआधी कधीच ऐकले नव्हते. खरे तर तिथेच उठून मी बस पकडायला हवी होती. पण माझ्या मनात त्या वेळी जे आले ते दुःख नव्हते, सुटका होती. मी पाणी प्यालो, त्यांच्या औषधांची चौकशी केली आणि संध्याकाळी घरी आलो.

पुढच्या रविवारी मी हेब्बाळला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.